येऊन राहिली

राजापेठेतून रिक्षा करायची आणि "कोठीवर" एवढंच म्हणायचं. कुठली कोठी, असं कोणी विचारत नसे. अमरावतीबाहेर चांदूर रेल्वेच्या रस्त्याला एका जुन्या जमीनदार घराण्याचा महाल होता. त्याचं खरं भारदस्त नाव कमानीवर कोरलेलं होतं, पण ते फक्त आमच्या माहितीपत्रकात वाचायला मिळे. परदेशातल्या एका विद्यापीठाने तो महाल भाड्याने घेतला, तिथे आपल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासकेंद्र काढलं, आणि रिक्षावाल्यांनी पहिल्याच वर्षी त्याचं बारसं करून टाकलं: गोऱ्यायची कोठी. गोरे त्यात निम्मेच असत, पण बारसं झालं ते झालं.

मुलं एका सत्रापुरती यायची. मराठी शिकायची, कापसाची शेतं बघायची, विहारांत आणि दर्ग्यांवर जाऊन लोकांशी बोलायची आणि परत जायची. मी त्यांना मराठी शिकवत असे. जनान्यात मुलींची राहायची सोय, घोड्यांच्या पागेत जेवण आणि दरबाराच्या दिवाणखान्यात माझा वर्ग. वर काचेचं झुंबर, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. छत इतकं उंच होतं की मुलं एका सुरात "मी बसतो, तू बसतोस" म्हणू लागली की आवाज वर जाऊन कबुतरं उठवून परत यायचा. कबुतरांनी माझ्या कितीतरी तासांचं वाटोळं केलं. आज मला त्या कबुतरांचीसुद्धा आठवण येते, म्हणजे बघा.

पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवायची. निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. दर तुकडीत एखादा शहाणा निघायचाच: पण ताई, तो माणूस तर जातोय ना? जाणाऱ्याने परत यावं म्हणून तसं म्हणतात, हे मी एकदा सांगे. त्यावरही कोणी वाद घातला तर "म्हणायचं नाही म्हणजे नाही" असं खेकसून फळ्याकडे वळे. तेवढ्यापुरती मी माझ्या मायसारखी होत असे.

माय अकोल्याला जठारपेठेत राहायची. वडील सरकारी नोकरीत होते. ते गेल्यावर मी तिला अमरावतीला ये म्हणून किती विनवलं, पण विहार दोन गल्ल्यांवर आणि भांडायला शेजारीण समोरच, अशी जागा सोडून ती कुठे येणार? "जातो" हा शब्द तिच्या घरात चालत नसे. दूधवाला चुकून म्हणाला तरी त्याला उंबऱ्यावरून परत बोलावून "येतो म्हन" असं वदवून घ्यायची. स्वतः कोपऱ्यावर मीठ आणायला निघाली तरी "येतो व." आमच्या वऱ्हाडात बायकाही "येतो"च म्हणतात, "येते" हे पुस्तकातलं; आणि "व" म्हणजे "गं".

मी कोठीवर शिकवायला लागून वर्षं लोटली, तरी मायने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. तिचं माहेर कोठीपासून हाकेच्या अंतरावरचं. तिची आई कोठीच्या शेतात कापूस वेचायला जायची. धम्मदीक्षेच्या आधीची, माय लहान असतानाची गोष्ट. कोठीत एक लग्न होतं आणि साऱ्या गावाला जेवण होतं. आमच्या लोकांची पंगत मागच्या भिंतीबाहेर, मातीत. वाढणारे हात लांब ठेवून वरूनच टाकायचे. मायच्या पत्रावळीवर पडायची बुंदी धुळीत सांडली. ती वेचायला गेली तर तिच्या आईने हातावर चापट मारली. तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठा गोड आवाज आला, ठण्ण ठण्ण. मायला वाटलं, आत कोणीतरी काशाची थाळी वाजवतंय, म्हणजे अजून बुंदी येणार. ते घड्याळ होतं, हे कळल्यावर मोठी माणसं हसली. माय हे सांगताना स्वतःही हसायची, पण दरवेळी शेवटी पदराने हात पुसायची.

"एकदा चल नं, माय. मी कुठं शिकवतो थे तरी पाह्य," मी म्हणायची.

"तुले तुह्या शाळेनं आत नेलं. मले कोनं नेलं?"

मला शाळेनं नव्हे, हिनेच आत नेलं होतं. वडिलांनी फक्त फी भरली. मला अभ्यासाला बसवलं, उठवलं, बदडलं ते हिने. आणि हिनेच ती खोली बघायची नाही, हे मला फार लागायचं. मोठं काही नको होतं. तिने एकदा समोरच्या फाटकातून आत यावं, माझ्या वर्गात खुर्चीवर बसावं, एवढंच हवं होतं. आग्रह जास्त झाला की ती फोन ठेवून द्यायची, आणि मग मी चिडून दोन दिवस फोन करायची नाही. खाण तशी माती.

एका हिवाळ्यातल्या तुकडीत एक मुलगी आली. उंच, नाकावर बारीक तपकिरी ठिपके, तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात दोनदा तपासून घेणारी. सत्राच्या मधे मुलांनी आठवडाभर एखाद्या घरी राहायचं असे. तिला ठरलेल्या घरी ऐनवेळी लग्न निघालं, म्हणून मी तिला अकोल्याला मायकडे नेलं.

पहिल्या संध्याकाळी मायने घरातली एकुलती खाट तिच्यासाठी तयार केली आणि स्वतःचं अंथरूण खाली घातलं. पोरगी ओशाळली. मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाली, यांना त्रास नको, मी जवळच्या लॉजवर राहते. मायला इंग्रजी येत नव्हतं, पण "लॉज" तेवढं कळलं.

"हातरून घातलं आता," ती म्हणाली. "घातलेलं हातरून मोडून कोनी जात नाई."

आमच्याकडे पाहुण्याला थांबवायची ही शेवटची तोड. चहा, जेवण, आग्रह, सगळं नाकारता येतं. अंथरूण घातलं की चर्चा संपली. पोरीने वाक्य मनात दोनदा तपासलं आणि मुकाट्याने खाटेवर बसली. मग तिने मायला "आजी" म्हटलं आणि पुन्हा बोलणी खाल्ली. "मले आजी म्हनू नको. म्हातारी दिसतो काय मी? माय म्हन."

आठवड्याने ती परत आली ती "मले, तुले, काहून" घेऊनच. माझं अर्ध्या सत्राचं शुद्धलेखन मायने आठ दिवसांत धुऊन टाकलं होतं. वर्गात मी तिला एकदा टोकलं तर म्हणाली, "ताई, तुम्ही मले काहून रागावता?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण तोंड फळ्याकडे करून.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नव्हती. वऱ्हाडात "मी करून राहिली" म्हणजे मी करते आहे. काम चालू आहे, बस. माय दिवसभर तिला "काय करून राहिली व?" विचारायची आणि ती हातातलं काम दाखवायची. समोर दिसत असलं की चुकायला जागा नसते. त्याच सुमारास मी वर्गात शिकवलं होतं की "ऊन" लागला की आधीची क्रिया पुरी होते: जेवून झोपली, म्हणजे आधी जेवली, मग झोपली. शिवाय हेही शिकवलं होतं की मराठी माणूस घरातून निघायच्या आधीच "आलोच" म्हणतो. तिने दोन्ही नियम चोख पाठ केले होते. पुढचा सगळा घोळ त्या पाठांतरातून झाला, आणि देव मानत असते तर मी त्याचे आभार मानले असते.

सत्र संपताना कोठीत निरोपाचा कार्यक्रम असे. ज्यांच्या घरी मुलं राहिली त्या सगळ्यांना बोलावणं. पोरीने मायला फोनवर फोन केले. मायचं उत्तर ठरलेलं: "नाई. मी ताईच्या घरी येतो राजापेठेत. तूच भेटाले ये तिथं. सरगुंडे आनतो तुह्यासाठी." वऱ्हाडातला हा गव्हाच्या पिठाचा प्रकार पोरीला भलताच आवडला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मायने आगगाडीत बसल्या बसल्या तिला फोन केला आणि म्हणाली, "पोरी, मी येऊन राहिली." म्हणजे मी निघाले, वाटेत आहे. पोरीने नियम लावले. येऊन, म्हणजे आधी येणार. राहिली, म्हणजे मग राहणार. आणि "आलोच"सारखं आधीच झाल्यागत बोलली, म्हणजे नक्की. ती धावत व्यवस्थापकाकडे गेली. माय येणार आहे आणि राहणार आहे, खोली पाहिजे. व्यवस्थापक हौशी माणूस. त्याने वरच्या मजल्यावरची, समोरच्या सज्ज्यावरची खोली उघडली. मोठ्या पाहुण्यांसाठी राखलेली. पोरीने स्वतः जळमटं झटकली, चादर घातली, तांब्या भरून ठेवला. आणि केंद्राची गाडी घेऊन मायला आणायला बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेली.

मी कोठीवर पोहोचले तर व्यवस्थापक दारातच. "तुमच्या मातोश्री मुक्कामाला येताहेत, वा!" मी म्हटलं, अशक्य. त्याने फोनवरचं वाक्य शब्दशः सांगितलं आणि मी कपाळावर हात मारला. तोही मूळचा वऱ्हाडाबाहेरचा, त्यालाही कळलं नव्हतं. मी मायला फोन लावला, उचलला नाही. आता ती फाटकावरूनच परत फिरणार, आणि फिरली की पुन्हा या रस्त्याला फिरकणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. मी पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले.

गाडी आली. फाटकाबाहेरच थांबली. माय उतरली. पांढरी साडी, हातात पिशवी, आणि मान वर करून कमानीकडे बघत उभी. मी अर्धं धावत, अर्धं चालत फाटकापर्यंत गेले. माझा तो वेग बघून माळी पाण्याची नळी टाकून उठला.

"मले राजापेठेत न्याचं सांगितलं होतं," माय ड्रायव्हरला झापत होती. तो बिचारा पोरीकडे बघत होता.

"काहून थांबली, माय?" पोरीने विचारलं.

"मी नाई येत आत. फिरव गाडी."

"पण तू फोनवर म्हणाली, मी येऊन राहिली."

मायला आधी कळलंच नाही. मग कळलं. "अवं येडे, राहिली म्हंजे राहाले नाई! येऊन राहिली म्हंजे... येऊन राहिली!" ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून. पोरगी हसली नाही. तिचा चेहरा पडला. सत्रभर शिकून शेवटच्या दिवशी आपण चुकलो, हे तिला कळलं होतं. ती जमिनीकडे बघत राहिली. वाक्य तपासत होती, आता मला माहीत आहे.

"पण हातरून घातलं, माय," ती म्हणाली. "मी घातलं. घातलेलं हातरून मोडून कोणी जात नाही."

मायचं हसू थांबलं. तिने पोरीकडे बघितलं, मग कमानीकडे, मग माझ्याकडे.  मी बोलले असते तर बिनसलं असतं, एवढं मी तिला ओळखत होते. तिने पिशवी पोरीच्या हातात दिली आणि चपलांची धूळ झटकली.

"गाडी राहू दे," म्हणाली. "पायी येतो."

फाटकापासून पोर्चपर्यंत दोन्ही बाजूंनी अशोकाची झाडं होती. माय मधोमध चालली, अजिबात घाई न करता. मी मागे होते, त्यामुळे माझं रडणं कोणाला दिसलं नाही. माळ्याला दिसलं असेल.

तिने पहिल्यांदा घड्याळ दाखवायला सांगितलं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ते उभं होतं, आमच्या काळात कायमचं बंद. माय त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढंसं?" म्हणाली. "भिंतीतून तं लय मोठं वाटे." मग माझ्या वर्गातल्या पुढच्या खुर्चीवर बसली. कार्यक्रमात तिचं बसणं तिथेच झालं, झुंबराखाली. जेवणात बुंदी होती. वाढणाऱ्याने ताटात वाढली, तिने ती निवांत संपवली आणि पुन्हा मागून घेतली. एरवी ती गोडाला हात लावत नसे, साखर वाढायची भीती. त्या दिवशी मी तिला अडवलं नाही.

सकाळी मी पुन्हा कोठीवर गेले तर माय समोरच्या पायरीवर बसून बशीतून चहा पीत होती. झोप कशी लागली, विचारलं. "गादी नरम होती, पाठ दुखून राहिली," ती म्हणाली. आणि बराच वेळ झाडांकडे बघून, "बरी हाय तुही शाळा. कबुतरं लय हायत." एवढी स्तुती तिने माझ्या लग्नातही केली नव्हती.

पोरगी निघाली तेव्हा गाडीपाशी मायच्या गळ्यात पडून म्हणाली, "जाते मी, माय." मायने तिच्या तोंडावर हात दाबला. "येतो म्हन!" हाताखालून आवाज आला, "येतो." "मंग ये," माय म्हणाली, आणि तेव्हा कुठे हात काढला.

पुढे काही वर्षांनी त्या विद्यापीठाने केंद्र बंद केलं. कारणं त्यांची त्यांना माहीत. आता कोठीच्या अंगणात लग्नं लागतात. परवा एका लग्नाला गेले होते. सगळे उभ्यानेच जेवत होते, कुठली भिंत आणि कुठली पंगत. दिवाणखान्याला कुलूप होतं. खिडकीच्या काचेतून बघितलं तर माझा फळा अजून तिथेच, भिंतीला पाठ लावून उभा. मला गलबलून आलं, आणि शेजारी कोणीतरी पनीर संपल्याची तक्रार करत होतं. मी आता राजापेठेतच शिकवण्या घेते. पोरं दहावीची, मराठी फक्त मार्कांपुरती. "येतो" शिकवावं लागत नाही, ती "बाय" म्हणतात.

पोरीचे मायला फोन मात्र चालू राहिले. तिकडे ती शिकवू लागली, तिचं लग्न झालं, पण दर आठवड्याला फोन. दोघी काय बोलायच्या कोण जाणे. मला त्यातलं काही सांगत नसत, आणि मला त्याचा थोडा मत्सरही वाटे.

एका सकाळी मी शिकवणीला बसणार तेवढ्यात तिचा फोन आला. कशी आहेस नाही, काही नाही. "ताई, तुम्ही आत्ता अकोल्याला जाऊन या."

काय झालं, विचारलं. नुकतंच ती मायशी बोलली होती. फोन ठेवताना माय तिला म्हणाली होती, "मी जाऊन राहिली व, पोरी."

मी म्हटलं, अगं, विहारात निघाली असेल, नाहीतर बाजारात. तू पुन्हा गोंधळलीस. आदल्याच दिवशी मी बोलले होते. जरा खोकला होता, बाकी शेजारणीला नावं ठेवत होती, म्हणजे ठणठणीत.

"नाही," ती म्हणाली. "बाजारात निघाली तर ती येतो म्हणते. इतक्या वर्षांत ती मले जाऊन राहिली कधीच म्हणाली नाही."

मी पोरांना घरी पाठवलं आणि बस पकडली. वाटेत शेजारणीला फोन केला, ती जाऊन बघून आली. सकाळपासून पडून हाय, म्हणाली, चहा बी नाई घेतला.

मी पोहोचले तेव्हा माय खाटेवर डोळे मिटून होती. चाहूल लागली तशी तिने ते उघडले. "तुले कोनं सांगितलं?"

"तुह्या पोरीनं."

"तिले समजलं?"

"हाव."

"बराबर समजलं," माय म्हणाली, आणि पेपर तपासून झाल्यासारखे तिने पुन्हा डोळे मिटले.

डॉक्टर येऊन गेले. हृदय थकलंय, म्हणाले, दवाखान्यात न्या. मायने मानेनेच नाही म्हटलं, आणि तिच्या नाहीपुढे कोणाचं चाललं होतं कधी. मी कोपऱ्यातली वळकटी उलगडली, तिच्या खाटेला लागून खाली अंथरूण घातलं आणि त्यावर बसले.

"हातरून घातलं, माय," मी म्हटलं. "घातलेलं हातरून मोडून कोनी जात नाई."

तिने मान वळवून अंथरुणाकडे बघितलं, चादरीला सुरकुती होती ती बोटाने दाखवली. मी सुरकुती काढली. "बरं," म्हणाली.

माय चार दिवस राहिली. फोनवरून पोरगी बोलायची आणि माय ऐकायची. चौथ्या दिवशी सकाळी मी तिला बशीतून चहा पाजत होते. दोन घोट घेऊन तिने बशी बाजूला सारली आणि माझा हात धरला.

"येतो व," म्हणाली.

मी म्हटलं, "ये."